कुकी बॅनर लावला आणि ॲनालिटिक्सचे आकडे पडले: नवख्यांनी कुठून तपासायला घ्यावं

साइटवर कुकी बॅनर बसतो, म्हणजे पाहुण्याची नोंद ठेवायला परवानगी मागणारी पट्टी. त्याच सुमारास कोणीतरी स्पीड वाढवायला कॅशे प्लगइन टाकतं, जे पानाची तयार प्रत साठवून तीच सगळ्यांना देतं. आणि गूगल ॲनालिटिक्समधली रेघ धाडकन खाली येते. नागपुरात छोट्या धंद्यांच्या साइट सांभाळायला घेतल्या की हा फोन आज ना उद्या येतोच: "काऊन भाऊ, लोकं यायचे बंद झाले का साइटवर?" लोक बहुतेक वेळा येतच असतात, त्यांची नोंद व्हायची थांबलेली असते. याच्या उलटही घडतं. आकडे एकदम दुप्पट होतात, पण तेव्हा कोणाचाच फोन येत नाही. माझ्या मते तो बिघाड जास्त वाईट, कारण मालक त्या आकड्यावर विसंबून जाहिरातीचं बजेट वाढवून बसतो.

हे मार्गदर्शन वर्डप्रेसवरच्या साइट आणि गूगल ॲनालिटिक्स ४ यांच्यापुरतं आहे. जुनं युनिव्हर्सल ॲनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून नवे आकडे घेत नाही. थीममध्ये त्याचा कोड अजून पडून असेल तर तो आत्ताच काढून टाका. पुढे तपासताना उगाच डोळ्यात येतो.

उदाहरण म्हणून धरमपेठेतलं एक छोटं ऑफिस धरू. ताडोबा आणि पेंचच्या सफारी, गाडी, मुक्काम जुळवून देणारं. काही गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं, काही जर्मनी-फ्रान्सचं. परदेशी पाहुणे असल्यामुळे इथे कुकी बॅनर शोभेपुरता नाही, तो खरंच लागतो.

घसरण खरी आहे का, ते आधी पाहा

ताडोबाचा कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. त्या साइटचे आकडे जुलैत पडले तर त्यात प्लगइनचा दोष शोधण्यात अर्थ नाही. तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. ऑनलाइन संत्री विकणाऱ्याचंही तेच. अंबिया बहार संपून मृग बहार येईपर्यंतची शांतता दरवर्षीची आहे.

त्यानंतर सर्च कन्सोल उघडा, म्हणजे गूगल शोधातून तुमच्या साइटवर किती क्लिक आले ते दाखवणारं गूगलचं साधन. तिथले क्लिक गूगल स्वतःच्या बाजूने मोजतं. तुमच्या साइटवरचा बॅनर, नकार, कॅशे, यांतलं काहीच त्या मोजणीत आडवं येत नाही. सर्च कन्सोलची रेघ सपाट आणि ॲनालिटिक्सची रेघ बॅनर लावल्याच्या तारखेपासून खाली, असं दिसलं तर मोजमाप बिघडलंय हे जवळपास नक्की. दोन्ही पडल्या असतील तर प्रश्न वेगळा आहे, आणि हा लेख त्याच्या कामाचा नाही. एक खबरदारी: सर्च कन्सोलचे दिवसवार आकडे अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेप्रमाणे मोजलेले असतात, म्हणून एकेका दिवसाचे आकडे ताडून पाहू नका, आठवड्याचे पाहा. हात लागलाच आहे तर ॲनालिटिक्सच्या प्रॉपर्टीत टाइमझोन भारताचा आहे का तेही बघून घ्या.

तिसरा पुरावा मालकाच्या फोनमध्ये असतो. व्हॉट्सॲपवर किती चौकश्या आल्या, फॉर्म किती भरले गेले, हे विचारा. चौकश्या पूर्वीइतक्याच आणि "वापरकर्ते" अर्धे, असं असेल तर उत्तर मिळालंच.

आणि आज बदल करून उद्या सकाळी रिपोर्ट पाहू नका. ॲनालिटिक्सचे नेहमीचे रिपोर्ट पुरते तयार व्हायला २४ ते ४८ तास लागतात. तातडीने बघायचं तर रिअलटाइम आहे, तिथे शेवटच्या ३० मिनिटांतली हालचाल दिसते.

आकडा पोचतो कसा

हे डोक्यात पक्कं बसलं की निम्मं काम होतं. पान उघडतं. पानाच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये, संमतीची सुरुवातीची स्थिती जाहीर होते: "अजून परवानगी नाही." मग गूगलचा टॅग, म्हणजे मोजणी करणारा कोड, लोड होतो. पाहुणा बॅनरवर होकार किंवा नकार देतो, आणि तो निर्णय टॅगला कळवला जातो. त्यानुसार टॅग गूगलच्या सर्व्हरकडे एक विनंती पाठवतो. ॲनालिटिक्समधला आकडा या विनंत्यांवरच उभा असतो. विनंती गेली नाही तर तो माणूस आलाच नव्हता असं धरलं जातं.

या क्रमात संमतीचं प्लगइन हात घालतं. कॉम्प्लियान्झ, कुकीयेस, कुकीबॉट, कोणतंही घ्या, बहुतेकांची युक्ती एकच: होकार मिळेपर्यंत स्क्रिप्टचा टाइप बदलून "टेक्स्ट/प्लेन" करून ठेवायचा. ब्राउझरच्या लेखी तो मग साधा मजकूर, तो चालवलाच जात नाही. होकार आला की टाइप पुन्हा जागेवर.

स्पीडचं प्लगइनही तोच टाइप बदलतं. डब्ल्यूपी रॉकेटमध्ये "डिले जावास्क्रिप्ट" चालू केलं की स्क्रिप्टचा टाइप "रॉकेटलेझीलोडस्क्रिप्ट" होतो. लाइटस्पीड कॅशेमध्ये "डिलेड" निवडलं की "लाइटस्पीड/जावास्क्रिप्ट" होतो. पाहुण्याने माऊस हलवला, स्क्रीनला बोट लावलं, स्क्रोल केलं, की मगच ती स्क्रिप्ट चालते. ऑटोऑप्टिमाइझसारखं प्लगइन तर पुष्कळ स्क्रिप्ट गोळा करून एकच फाइल बनवू शकतं. संमतीचं प्लगइन मग आपली स्क्रिप्ट शोधत बसतं आणि ती त्या गठ्ठ्यात हरवलेली असते.

म्हणजे एकाच स्क्रिप्टची जबाबदारी दोन प्लगइननी घेतली आहे, आणि एकाने काय केलं ते दुसऱ्याला माहीत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तीच गत. ॲनालिटिक्सच्या टॅगची वेळ एकट्या संमतीच्या प्लगइनने ठरवायची आणि स्पीडच्या प्लगइनने त्याला हात लावायचा नाही, एवढा एक नियम पाळला तरी या विषयातल्या बहुतेक तक्रारी संपतात. पुढची सगळी तपासणी हा नियम कुठे मोडला गेलाय ते शोधण्यासाठीच आहे.

हात लावण्याआधी

बॅकअप घ्या. होस्टिंगवर स्टेजिंगची (चाचणीसाठी साइटची वेगळी प्रत ठेवण्याची) सोय असेल तर तिथे काम करा. एका कागदावर लिहून काढा: ॲनालिटिक्सचा टॅग कुठून येतोय (गूगलचं साइट किट प्लगइन, थीमचं हेडर, टॅग एका जागी सांभाळणारं गूगलचं टॅग मॅनेजर, की आणखी एखादं प्लगइन), संमतीचं प्लगइन कोणतं, कॅशेचं कोणतं, होस्टिंगची स्वतःची कॅशे आहे का, आणि पुढे क्लाउडफ्लेअर (पाहुणा आणि होस्टिंग यांच्या मध्ये बसणारी, स्वतःची कॅशे असलेली सेवा) आहे का. थीम एकाने बसवलेली, एसइओ दुसऱ्याने केलेलं, बॅनर तिसऱ्याने टाकलेला, अशा साइटवर ही यादी करताना हमखास काहीतरी अनपेक्षित सापडतं. कोणता बदल कधी केला तेही याच कागदावर लिहीत जा.

ब्राउझरमध्ये प्रत्यक्ष पाहणं

लॅपटॉप लागेल, हे मोबाइलवर नीट जमत नाही. क्रोममध्ये नवी इनकॉग्निटो विंडो उघडा. साइटवर लॉगइन करू नका: पुष्कळ कॅशे प्लगइन लॉगइन केलेल्यांना वेगळं, ताजं पान देतात आणि ॲनालिटिक्सची प्लगइन ॲडमिनला मोजणीतून वगळू शकतात. ॲडमिन म्हणून "माझ्याकडे तर बरोबर चालतंय" म्हणण्याला काही किंमत नाही. जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन बंद ठेवा. ब्रेव्ह ब्राउझर या कामासाठी वापरू नका, तो ट्रॅकर स्वतःच अडवतो.

आता एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, "प्रिझर्व्ह लॉग"वर खूण करा आणि फिल्टरच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत "कलेक्ट" लिहा. मग साइटचा पत्ता टाकून एंटर मारा आणि हात बाजूला घ्या. माऊसही हलवू नका. दहा-पंधरा सेकंद नुसतं पाहत राहा.

बॅनर आला का? माऊस हलवल्यावरच आला तर स्पीडच्या प्लगइनने बॅनरची स्क्रिप्टही रोखून धरली आहे. अशा साइटवर येऊन, काही न करता परत जाणारा पाहुणा कोणत्याच हिशोबात येत नाही. शिवाय त्याने पहिला स्पर्श केला तो स्क्रिप्ट जागी करण्यातच जातो, आणि "मान्य" बटण दोनदा दाबावं लागू शकतं.

बॅनर अजिबात आलाच नाही, तर लगेच घाबरू नका. काही बॅनर पाहुण्याचा देश बघून दिसतात. फक्त युरोपसाठी लावलेला बॅनर नागपुरातून दिसणार नाही, आणि तेच बरोबर आहे. प्लगइनमध्ये चाचणीची सोय असेल तर ती वापरा, नाहीतर व्हीपीएनवरून जर्मनी निवडून पाहा.

बॅनर दिसला पण अजून दाबलेला नाही, या क्षणी "कलेक्ट"च्या विनंत्या आहेत का? इथे गूगलच्या कन्सेंट मोडचे, म्हणजे पाहुण्याचा होकार-नकार टॅगला कळवण्याच्या व्यवस्थेचे, दोन प्रकार माहीत हवेत. बेसिक प्रकारात होकारापूर्वी टॅग लोडच होत नाही, त्यामुळे यादी रिकामी असणं योग्य. ॲडव्हान्स्ड प्रकारात टॅग लोड होतो आणि कुकी न ठेवता विनंती पाठवतो. ती विनंती उघडून पेलोडमध्ये "जीसीएस" हा घटक शोधा. त्याची किंमत "जी१००" असेल तर जाहिरात आणि ॲनालिटिक्स दोन्हींना परवानगी नाही. "जी१११" म्हणजे दोन्हींना आहे. "जी१०१" म्हणजे फक्त ॲनालिटिक्सला. स्क्रीनवर अर्थात हे सगळं इंग्रजी अक्षरांत असतं.

आता "मान्य" दाबा. काही सेकंदांत नवी विनंती यायला हवी, स्टेटस २०४, आणि "जीसीएस"मध्ये शेवटचा आकडा १. मग दुसऱ्या पानावर जा. तिथेही विनंती गेली पाहिजे, आणि बॅनर पुन्हा दिसता कामा नये.

विंडो बंद करा, नवी इनकॉग्निटो उघडा, आणि हाच प्रयोग "नाकारा" दाबून करा. हा अर्धा भाग बहुतेक जण टाळतात. ॲप्लिकेशन टॅबमध्ये कुकीजची यादी पाहा: "_जीए" ने सुरू होणारी कुकी नकारानंतर, किंवा काहीच न दाबता, तिथे बसलेली असेल तर बॅनर नुसता दाखवायला आहे. आकडे बरोबर आले तरी ही साइट दुरुस्त झाली असं म्हणता येत नाही.

शेवटचा प्रयोग: नेटवर्क टॅबमध्येच वेग "स्लो ४जी" करा आणि सुरुवातीपासून पुन्हा पाहा. बॅनरची स्क्रिप्ट दुसऱ्या सर्व्हरवरून येत असेल तर कमकुवत नेटवर्कवर ती उशिरा पोचते. टॅगने संमतीसाठी किती थांबायचं हे "वेट फॉर अपडेट" या किमतीने ठरतं, सहसा ५०० मिलिसेकंद. ऑफिसच्या फायबरवर ते पुरतं. मोहर्लीच्या गेटजवळून मोबाइलवर साइट उघडणाऱ्याला पुरेलच असं नाही.

काय दिसलं, आणि मग काय करायचं

*होकार दिला तरी विनंती जातच नाही.* सर्वात जास्त भेटणारा बिघाड हाच. एलिमेंट्स टॅबमध्ये गूगलटॅगमॅनेजर असा शब्द शोधा आणि त्या स्क्रिप्टचा टाइप वाचा. होकारानंतरही "टेक्स्ट/प्लेन" असेल तर संमतीच्या प्लगइनने तिला सोडलेलं नाही. रॉकेट किंवा लाइटस्पीडचं नाव दिसत असेल तर स्पीडच्या प्लगइनने धरून ठेवलं आहे. उपाय म्हणजे वगळणीची यादी. डब्ल्यूपी रॉकेटमध्ये ती डिले जावास्क्रिप्टच्या खालच्याच चौकटीत आहे. लाइटस्पीडमध्ये "पेज ऑप्टिमायझेशन"मधल्या "ट्यूनिंग" टॅबवर जा. तिथे दोन वेगळ्या चौकटी आहेत, एक जेएस (जावास्क्रिप्ट) वगळण्याची आणि एक डिफर-डिले (स्क्रिप्ट मागे ढकलणं किंवा स्पर्शापर्यंत रोखणं) वगळण्याची. दोन्ही भरा. ऑटोऑप्टिमाइझमध्ये जावास्क्रिप्टच्या विभागात वगळण्याच्या स्क्रिप्टची ओळ आहे.

यादीत काय लिहायचं, इथे नवखे अडकतात. ते गूगलच्या फाइलचा पत्ता लिहितात आणि थांबतात. पण टॅगचे दोन तुकडे असतात: बाहेरून येणारी फाइल, आणि पानातच लिहिलेला चार-सहा ओळींचा कोड, ज्यात "डेटालेयर" आणि "जीटॅग" हे शब्द असतात. फाइल वगळली आणि हा तुकडा रोखलेलाच राहिला, तर टॅग येतो पण काय करायचं ते त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून चार गोष्टी वगळा: गूगलटॅगमॅनेजरची फाइल, "जीटॅग" असलेला पानातला कोड, "डेटालेयर" असलेला पानातला कोड, आणि संमतीच्या प्लगइनच्या स्वतःच्या सगळ्या स्क्रिप्ट. चौथी गोष्ट विसरली की बॅनर उशिरा येतो आणि आधीच्या तिन्ही फुकट जातात.

क्लाउडफ्लेअर असेल तर त्यातलं "रॉकेट लोडर" बंद करा. नावात रॉकेट असलं तरी डब्ल्यूपी रॉकेटशी त्याचा संबंध नाही, आणि वर्डप्रेसच्या डॅशबोर्डमध्ये ते कुठे दिसतही नाही, म्हणून शोधूनही सापडत नाही. बंद करायचं नसेल तर स्क्रिप्टच्या टॅगमध्ये "डेटा-सीएफएसिंक" हा गुणधर्म "फॉल्स" ठेवून ती एकच स्क्रिप्ट वगळता येते.

*विनंती जाते, पण होकारानंतरही "जी१००".* निर्णय टॅगपर्यंत पोचलेला नाही. प्लगइनच्या सेटिंगमध्ये गूगल कन्सेंट मोड चालू आहे का पाहा. मग गूगलचं टॅग असिस्टंट उघडून साइट जोडा आणि कन्सेंटचा भाग वाचा. सुरुवातीची स्थिती कोणती, बदल कधी आला, तिथे क्रमाने दिसतं. टॅगने संमतीची स्थिती आधी वाचली आणि सुरुवातीची स्थिती नंतर ठरली असं निघालं तर क्रम उलटा झाला आहे. स्क्रिप्ट एकत्र करणं किंवा डिफर करणं बंद केलं की बहुतेक वेळा सरळ होतो. आणखी एक जागा तपासा: साइट किटमध्येही कन्सेंट मोडची स्वतंत्र सेटिंग आहे. तिथेही चालू आणि बॅनरच्या प्लगइनमध्येही चालू असेल, तर सुरुवातीची स्थिती दोनदा जाहीर होते. एक ठेवा, एक बंद करा.

*एकाच पानावर दोन विनंत्या, दोन्ही "पेज व्ह्यू".* टॅग दोन ठिकाणांहून येतोय. साइट किट आणि थीमचं हेडर ही नेहमीची जोडी, टॅग मॅनेजर हा तिसरा भिडू. विनंतीतला "टीआयडी" घटक पाहा. दोन्हींत एकच मेजरमेंट आयडी असेल तर एक टॅग काढायचा. माझं मत विचाराल तर थीमच्या हेडरमधला काढा: थीम बदलली की तो हरवतो, आणि संमतीच्या प्लगइनला तो नेहमी सापडेलच याची खात्री नसते.

*काही पानांवर चालतं, काहींवर नाही.* इथे पानाची कॅशे संशयित. पाहुण्याचा देश किंवा आधीची निवड सर्व्हरवरच बघून पान बनवणारं संमतीचं प्लगइन असेल, तर पहिल्या पाहुण्यासाठी बनलेलं पान कॅशेत जाऊन बसतं आणि पुढच्या सगळ्यांना तेच मिळतं. आपल्या सफारीवाल्याच्या साइटवर पहिला माणूस भंडाऱ्याचा होता, त्याला बॅनर नको होता, आणि आता म्युनिकच्या पाहुण्यालाही बॅनर नसलेलं पान जातंय. प्लगइनमध्ये कॅशेशी जुळवून घेण्याची सेटिंग शोधा, म्हणजे निर्णय सर्व्हरवर न होता ब्राउझरमध्ये होईल. ती नसेल तर देश बघण्याची सोय बंद करून सगळ्यांना बॅनर दाखवा. थोडा त्रासदायक उपाय आहे, पण भरवशाचा.

*आकडे येतात, पण "डायरेक्ट" (कुठून आले ते न कळलेले पाहुणे) फुगलाय.* पाहुणा गूगलवरून पहिल्या पानावर आला, बॅनरकडे दुर्लक्ष केलं, दुसऱ्या पानावर जाऊन होकार दिला. बेसिक प्रकारात टॅग तिथे पहिल्यांदा जागा होतो. त्याच्या मागचं पान आता तुमचंच असतं, आणि तो कुठून आला हे हातचं गेलेलं असतं. ॲडव्हान्स्ड प्रकाराने हे बरंच सुधारतं. तो वापरावा की नाही हा मात्र नुसता तांत्रिक निर्णय नाही, होकारापूर्वीच कुकीविना का होईना पण विनंती जाते, आणि हे मालकाला स्पष्ट सांगून, त्याला विचारूनच करायचं.

कोणताही बदल केल्यावर कॅशे आतून बाहेर या क्रमाने रिकामी करा: आधी प्लगइनची, मग होस्टिंगची, मग क्लाउडफ्लेअरची, आणि तपासायला नवी इनकॉग्निटो. बाहेरची आधी रिकामी केली तर ती आतलं जुनंच पान पुन्हा उचलून ठेवते.

काहीच कळत नसेल तर

सगळी प्लगइन एकदम बंद करायची गरज नाही. स्पीडच्या प्लगइनमधला फक्त जावास्क्रिप्टचा भाग बंद करा. पानाची कॅशे, फोटो लहान करणं, सीएसएस राहू द्या. आकडे सुरळीत झाले तर दोषी तिथेच आहे. मग एकेक सेटिंग परत चालू करत वरचा प्रयोग करत जा, आधी मिनिफाय (फाइल आटोपशीर करणं), मग डिफर, शेवटी डिले. एका वेळी एकच. दोन एकदम चालू केल्या तर कोणामुळे बिघडलं हे कळणार नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

इथे कोणीतरी म्हणणार की पेजस्पीडचा, म्हणजे गूगलच्या वेग-चाचणीचा, स्कोर पडतो. पडेल थोडा. पण हेही ध्यानात घ्या की स्कोर मोजणारी लाइटहाउसची चाचणी पानाला स्पर्शच करत नाही, त्यामुळे डिले केलेल्या स्क्रिप्ट तिच्यासमोर कधी चालतच नाहीत. तो हिरवा आकडा त्या स्क्रिप्ट नसलेल्या पानाचा असतो. खरा पाहुणा बोट लावतो तेव्हा त्या सगळ्या एकदम धावत येतात. फोटो नीट लहान केले आणि साधं होस्टिंग जरा बरं घेतलं तर ॲनालिटिक्सचा टॅग मोकळा सोडूनही साइट चांगली पळते. संत्रा बर्फीचा पाच एमबीचा फोटो तसाच ठेवून टॅग डिले करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

दुरुस्तीनंतरचा आकडा

सगळं बरोबर झालं तरी आकडा बॅनरपूर्वीच्या पातळीवर येणार नाही. नकार देणारे मोजले जाणार नाहीत, हे बॅनर लावण्यातच गृहीत आहे. गूगल या गाळलेल्या लोकांचा अंदाज बांधून रिपोर्टमध्ये भर घालतं असं तुम्ही वाचलं असेल. त्याच्या अटी मोठ्या आहेत: संमती नसलेले रोज किमान १००० इव्हेंट निदान ७ दिवस, आणि संमती दिलेले रोज किमान १००० वापरकर्ते मागच्या २८ पैकी निदान ७ दिवस. शिवाय टॅग बॅनरच्या आधी लोड झालेला हवा, म्हणजे ॲडव्हान्स्ड प्रकार. नागपुरातल्या छोट्या साइटला रोज हजार होकारवाले वापरकर्ते मिळणं अवघड, तेव्हा त्या अंदाजाच्या भरवशावर राहू नका.

त्यापेक्षा मालकाला दोन आकडे शेजारी ठेवून द्या. पहिला सर्च कन्सोलचा, दुसरा सर्व्हरवरच नोंदला जाणारा: फॉर्म, बुकिंग, ऑर्डर. ॲनालिटिक्स प्रमाण पाहायला वापरा. कोणतं पान जास्त वाचलं जातं, मोबाइलवरचे किती, जाहिरातीतून आलेले थांबतात का. होस्टिंगच्या पॅनेलमधले भेटींचे आकडे मात्र दाखवू नका. त्यात बॉटही मोजलेले असतात, आणि एकदा तो मोठा आकडा पाहिला की मालक दुसरा कोणताच मान्य करत नाही. आयफोनवरचे पाहुणे जास्त असतील तर "नवे वापरकर्ते" फुगलेले दिसतात, कारण सफारी ब्राउझर अशा कुकी ७ दिवसांत पुसतो आणि आठ दिवसांनी परत आलेला माणूस नवा धरला जातो. तो बिघाड नाही, त्याच्या मागे लागू नका.

बॅनर काढूनच टाकला तर?

हा प्रश्न येणारच. युरोपातल्या गिऱ्हाइकांना डोळ्यांपुढे ठेवून सेवा विकत असाल, युरोत भाव लिहीत असाल, तर २५ मे २०१८ पासून लागू असलेला युरोपचा डेटा संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, तुमचं ऑफिस धरमपेठेत असलं तरी लागू होऊ शकतो. त्या भागातल्या पाहुण्यांचा डेटा जाहिरातीसाठी वापरायचा तर मार्च २०२४ पासून गूगललाही कन्सेंट मोडची दुसरी आवृत्ती लागते. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि संमतीसंबंधीच्या मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यात १८ महिन्यांची मुदत आहे. संमती मोकळेपणाने, स्पष्ट कृतीतून दिलेली हवी असं तो कायदा म्हणतो. आणि सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय द्यायला सांगतो, म्हणजे मराठी बॅनरही आलाच. फक्त विदर्भात माल विकणाऱ्या दुकानदाराने युरोपसाठी केलेला अवजड बॅनर लावायची गरज नाही, साधा, मराठीतला, नकाराचं बटण होकाराइतकंच मोठं असलेला पुरे. ॲनालिटिक्सची फारशी गरजच नसेल तर माटोमो हे दुसरं मोजणीचं साधन कुकीविना चालवता येतं, तोही विचार करून पाहा.

प्लगइन अपडेट झाली की वगळणीची यादी एकदा उघडून बघा. स्क्रिप्टच्या फाइलचं नाव नव्या आवृत्तीत बदललेलं असू शकतं, आणि मग जुन्या नावाची नोंद यादीत असूनही काम करत नाही. अपडेट आपोआप होऊ देत असाल तर महिन्यातून एकदा होकार आणि नकार, दोन्हींचा प्रयोग करा आणि निकाल त्याच कागदावर तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी रेघ पडली की आधी तो कागद काढायचा.